धुऱ्यावरचा निवडुंग भाजीत घालायचा का? आधी चीक बघा

नमस्कार मंडळी. या आठवड्यात दोन प्रश्न जवळपास सारखेच आले. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंनी निवडुंगाच्या भाजीचा व्हिडिओ बघितला, त्या विचारतात गच्चीवर कुंडीत लावून खाता येईल का. आणि काटोलकडचे एक दादा म्हणतात, आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, निवडुंग पडलाच आहे, तोच तोडून शिजवला तर चालते ना?

दादा, तुमचं आधी घेतो, काहून की इथं चूक झाली तर सरळ दवाखाना. आपल्याकडे निवडुंग म्हणजे काहीही, तीनधारी पण निवडुंग, थोर पण निवडुंग आणि चपट्या फड्यांची नागफणी पण निवडुंगच. तीनधारी, थोर हे एरंडाच्या कुळातले, ओरखडा काढला की पांढरं दूध येतं, ते तोंडात गेलं तर भाजतं आणि डोळ्यात गेलं तर नजरेवर येऊ शकतं. खायची ती फक्त नागफणी, तिला कापलं की भेंडीसारखं बुळबुळीत पाणी निघतं, पांढरा चीक नाही. पण धुऱ्यावरच्या नागफणीवर कपाशीच्या फवारणीचं औषध उडालेलं असतंच, म्हणून ती राहू द्या.

घरासाठी बिनकाट्याच्या नागफणीची फडी बघा. झांशीच्या चारा संशोधन संस्थेत हिच्यावर जनावरांच्या चाऱ्यासाठी काम चालतं, मेक्सिकोत मात्र लोक हिला नोपाल म्हणून पालेभाजीसारखी बाजारातून आणतात.

ताई, फडी मिळाली की लगेच लावू नका. सावलीत ८-१० दिवस पडू द्या, कापलेली बाजू सुकून घट्ट झाली की मग एक तृतीयांश मातीत खोचा आणि पहिला आठवडाभर पाणी नाही म्हणजे नाही. आपली नुसती काळी माती कुंडीत भरली की मुळं सडलीच समजा, अर्धी वाळू नाहीतर मुरूम मिसळा, थोडं शेणखत. मे महिन्यात ४५ डिग्रीत नवी फडी लावायचा हट्ट नको, फेब्रुवारी बरा किंवा पाऊस सरल्यावर. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घ्या, आपल्याकडे ही उन्हानं कमी आणि पाण्यानं जास्त मरते. फडीवर कापसासारखं पांढरं दिसलं आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला तर तो कोचिनील किडा, पाण्याच्या जोरदार धारेनं धुवून काढा, औषध मारू नका कारण खायचंय.

तोडायची ती तळहाताएवढी कोवळी फडी. सकाळी तोडली तर अंबाडीसारखी आंबट लागते, दुपारनंतर आंबटपणा उतरतो, कारण हे झाड रात्री हवा घेऊन आम्ल साठवतं आणि दिवसा वापरतं. बिनकाट्याची म्हटली तरी फडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे ठिपक्यांवर, केसासारखी बारीक कुसं असतात, मी एकदा शहाणपणा करून उघड्या हातानं तोडली आणि दोन दिवस सेलोटेप लावून कुसं काढत बसलो. चिमट्यानं धरा, कडा आणि डोळे सुरीनं खरवडा, पट्ट्या कापून मिठाच्या पाण्यात १० मिनिटं उकळा आणि ते पाणी फेका, तार बरीच जाते. मग कांदा, लसूण, तिखट आणि वरून बेसन, झुणक्यासारखं. मस्त लागते.

मुतखडा असेल तर जपून, यात ऑक्झलेट असतं. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच रोज खा, हिनं साखर आणखी उतरू शकते.

आणि दादा, धुऱ्यावरचं नेमकं काय आहे ते बघायचंच असेल तर हातमोजे घालून एक तुकडा कापा, फोटो मला पाठवा, पण चुलीवर काही चढवू नका.