वाचकांचे प्रश्न : शिक्षकांचे डिजिटल कौशल्य मोजायचे कसे?

प्रश्न : आमच्या संस्थेत शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण झाले. शेवटी घेतलेल्या बहुपर्यायी चाचणीत जवळजवळ सर्वांना उत्तम गुण मिळाले. वर्गात मात्र पूर्वी जे फळ्यावर लिहिले जायचे ते आता पडद्यावर दिसते, एवढाच फरक पडला आहे. चाचणीत काही चुकले का? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : चाचणीने जे विचारले तेच मोजले, त्यामुळे तिला दोष देता येणार नाही. दुवा कसा पाठवावा किंवा सादरीकरणात चित्रफीत कशी जोडावी हे ठाऊक असणे ही एक गोष्ट आणि एखादा घटक शिकवताना ते साधन कशासाठी वापरायचे, कधी बाजूला ठेवायचे याची जाण असणे ही दुसरी. मिश्रा आणि कोहलर या शिक्षण-अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेल्या ‘टीपॅक’ या चौकटीचा गाभाच हा आहे की विषयाचे, अध्यापनपद्धतीचे आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान सुटेसुटे असून भागत नाही. तिन्हींचा मेळ बसतो तेथे शिक्षकाचे कौशल्य दिसते. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिजकॉम्पएज्यु’ चौकटीत शिक्षकाच्या २२ क्षमता ६ क्षेत्रांत मांडल्या आहेत. व्यावसायिक कामकाज, डिजिटल साधने, अध्ययन-अध्यापन, मूल्यमापन, विद्यार्थ्यांचे सक्षमीकरण आणि विद्यार्थ्यांच्या डिजिटल क्षमतेचा विकास ही ती क्षेत्रे. नुसते उपकरण चालवता येणे, असे वेगळे क्षेत्र त्यांत नाही.

समजा, अपूर्णांकांच्या बेरजेवर शिक्षिकेने ऑनलाइन प्रश्नावली दिली. १/२ + १/३ या प्रश्नाला बऱ्याच मुलांनी २/५ हा पर्याय निवडल्याचे आलेखात दिसते. एखादी शिक्षिका गुणांची यादी उतरवून घेईल आणि पुढच्या घटकाकडे वळेल. दुसरी मात्र ओळखेल की मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज कमी कशी झाली, हे ती मुलांनाच विचारेल आणि तेवढ्यापुरता पडदा बंद करून कागदी पट्ट्या हाती घेईल. प्रश्नावली दोघींनाही तितकीच चांगली बनवता येते, म्हणून चाचणीत दोघींचे गुण सारखेच येतील. त्यांच्यातला फरक कळायचा असेल, तर पाठाचे निरीक्षण करावे लागते आणि तासानंतर ‘हे साधन का निवडले, त्यातून काय कळले, त्यावरून पाठात काय बदलले’ यावर थोडा वेळ बोलावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, हे मान्य. सगळ्यांचे सगळे पाठ पाहणे शक्य नसेल, तर प्रत्येकाचा एखादाच पाठ नीट पाहावा. सगळ्यांची घाईने तपासणी केल्याने फक्त रकाने भरतात.

प्रश्न : प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर आम्ही शिक्षकांकडून स्वयंमूल्यमापन भरून घेतले. अनेकांनी नंतर स्वतःला आधीपेक्षा कमी गुण दिले. प्रशिक्षण वाया गेले असे समजावे काय? – एक प्रशिक्षण समन्वयक

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. विषयाचा आवाका कळला की स्वतःला मोजण्याची पट्टीच बदलते. ज्याला मूल्यमापन म्हणजे ऑनलाइन चाचणी घेणे एवढेच वाटत होते, त्याने आधी स्वतःला निःशंकपणे ‘उत्तम’ ठरवले असणार. यावर एक सोपा उपाय आहे : प्रशिक्षणानंतर एकाच वेळी ‘तेव्हा मी कोठे होतो’ आणि ‘आता कोठे आहे’ असे दोन्ही विचारावे, म्हणजे दोन्ही उत्तरे एकाच पट्टीवर येतात. शिवाय ‘मला डिजिटल मूल्यमापन जमते’ अशा मोघम विधानांऐवजी प्रत्यक्ष कृतीचे वर्णन द्यावे. ‘चाचणीचे निकाल पाहून मी पुढच्या तासाचे नियोजन बदलतो’ या विधानाला हो म्हणताना माणूस जरा थांबून विचार करतो.

प्रश्न : हेच स्वयंमूल्यमापन पदोन्नतीसाठी वापरावे, असा आमच्या व्यवस्थापनाचा विचार आहे. आपले मत काय? – एक पर्यवेक्षक

उत्तर : वापरू नये. ज्या कागदावर वेतन किंवा पद अवलंबून आहे, त्यावर आपली उणीव कोणी प्रामाणिकपणे लिहिणार नाही आणि मग प्रशिक्षणाची गरज नेमकी कोठे आहे, हेही कळणार नाही. पदोन्नतीसाठी पुरावा हवा असेल, तर तो वेगळा मागावा आणि त्याचे निकष आधी जाहीर करावेत.

प्रश्न : शिक्षक आता पाठटाचणे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात. अशा टाचणांवरून त्यांचे कौशल्य कसे ठरवावे? – एक अध्यापक-प्रशिक्षक

उत्तर : केवळ अंतिम टाचणावरून ते आता ठरवता येणार नाही. यंत्राने दिलेला मूळ मसुदा, शिक्षकाने त्यात केलेले बदल आणि त्या बदलांची कारणे हे तिन्ही मागावे. उदाहरण चुकीचे होते, भाषा मुलांच्या वयाला पेलणारी नव्हती, आपल्या वर्गाला आधीचीच संकल्पना पक्की नव्हती, अशी कारणे देणाऱ्या शिक्षकाने यंत्राकडून काम करून घेतले आहे. एकही बदल न करता आलेले टाचण दिसले, की मी तरी शंकेने पाहीन. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची जी क्षमता-चौकट प्रसिद्ध केली, तिच्या १५ क्षमतांमध्ये मानवकेंद्री दृष्टी आणि नैतिकता यांना मानाचे स्थान आहे. म्हणून मुलांची नावे, गुण किंवा अडचणी मसुदा मागताना यंत्राला पुरवल्या गेल्या का, हेही तपासावे.

प्रश्न : माझी निवृत्ती फार दूर नाही. सगळे शिकणे आता होणार नाही. सुरुवात कोठून करू? – एक शिक्षक

उत्तर : सगळे शिकण्याची गरजही नाही. आपल्या विषयात मुले जेथे हमखास अडतात असा एकच घटक निवडा आणि त्यापुरतेच साधन शिका. तरुण सहकाऱ्याकडून बटणे समजून घ्या; मुले नेमकी कोठे आणि का अडतात, हे त्याला आपल्याकडून शिकायचे आहे. दोघांनी मिळून एक पाठ घेतला, तर दोघांचेही काम होते. आणखी एक लहानशी सवय लगेच लावता येईल. स्वाध्यायपत्रिकेचा फोटो काढून पाठवण्याऐवजी ती टंकलिखित करून पाठवा, कारण अंध विद्यार्थी वापरतात ते पडदावाचक सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरे नेहमीच नीट वाचू शकत नाही. पाठवण्यापूर्वी फाइलमधला एखादा शब्द निवडून पाहा. तो निवडता आला नाही, तर ती फाइल बहुधा नुसते चित्रच आहे.