चेक खात्यात भरताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय घरोघरी पोहोचली, तरी घराच्या विक्रीची रक्कम, भाडेकरूला परत मिळणारी अनामत, एखाद्या संस्थेचे मानधन किंवा शेअरवरचा लाभांश अनेकांच्या हाती आजही चेकनेच येतो. चेक भरण्याविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चेक आपल्या हातून सुटल्यापासून रक्कम खात्यात दिसेपर्यंतच्या काळात आपल्याजवळ कोणता कागद राहिला, यावर त्यांतील बहुतेक अडचणींचा निकाल अवलंबून आहे, म्हणून उत्तरांत त्यावर भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या शाखेत काउंटरवर चेक घेत नाहीत, सगळ्यांना ड्रॉप बॉक्सकडे पाठवतात. मी पेटीत टाकलेला ३८,००० रुपयांचा चेक दहा दिवस झाले तरी जमा नाही आणि ‘असा चेक आमच्याकडे आलेलाच नाही’ असे सांगण्यात येते. आता काय करावे?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर्वांत आधी, आजच्या आज, चेक देणाऱ्याशी संपर्क साधावा आणि त्या क्रमांकाच्या चेकची रक्कम त्यांच्या खात्यातून वजा झाली आहे का, हे विचारावे. झाली नसेल, तर त्या चेकचे पैसे देऊ नयेत अशी सूचना त्यांनी आपल्या बँकेला लगेच द्यावी आणि तिची पोच घ्यावी. त्यानंतरच दुसरा चेक मागणे योग्य ठरेल. रक्कम वजा झालेली असेल, तर तो चेक कोणत्या बँकेमार्फत वटला, हे त्यांच्या बँकेला शोधता येते आणि मग तक्रारीला नेमकी दिशा मिळते.

शाखेने आपल्याला जे सांगितले, ते मात्र नियमाला धरून नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार पेटीची सोय आणि काउंटरवर पोच देण्याची सोय या दोन्ही ग्राहकाला उपलब्ध असल्या पाहिजेत, आणि काउंटरवर चेक देणाऱ्याला पोच नाकारण्याचा अधिकार कोणत्याही शाखेला नाही. इतकेच नव्हे, तर काउंटरवर चेक देऊन स्लिपवर पोच घेता येते, असा मजकूर खुद्द पेटीवर लिहिलेला असणे आवश्यक आहे. पुढच्या वेळी शाखेत गेल्यावर तो मजकूर शोधावा. तो सापडला तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला दाखवावा आणि सापडला नाही तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

पैसे भरण्याच्या स्लिपचे दोन भाग असतात. मोठा भाग चेकसोबत बँकेकडे जातो आणि छोटा आपल्याकडे राहतो. पुष्कळ जण घाईत छोटा भाग कोराच ठेवतात किंवा त्यावर नुसती रक्कम लिहितात, आणि वेळ आली की त्या कागदावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यावर चेकचा क्रमांक, चेक ज्या बँकेचा आहे तिचे व शाखेचे नाव, चेकवरची तारीख, रक्कम आणि आपला खाते क्रमांक इतके लिहिलेले असले पाहिजे, आणि वर शाखेचा तारखेसह शिक्का व सही असली पाहिजे. चेकच्या मागील बाजूस आपला खाते क्रमांक आणि फोन क्रमांक लिहावा, म्हणजे स्लिप सुटून पडली तरी चेक अनाथ होत नाही. देण्यापूर्वी चेकच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवणेही चांगले.

आपल्याजवळ शिक्का नसला तरी बाजू सोडून देऊ नये. पेटीत चेक टाकल्याचा दिवस व अंदाजे वेळ नमूद करून शाखाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्यावी, त्या वेळचे कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती तीतच करावी आणि तक्रारीची पोच घ्यावी. बँकेने स्वीकारलेला चेक वाटेत किंवा वटवणुकीच्या कामात गहाळ झाला, तर ते ग्राहकाला तातडीने कळवण्याची आणि दुसरा चेक मिळवण्यासाठी येणारा खर्च भरून देण्याची जबाबदारी बँकेवर आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

प्रश्न : चेक जमा व्हायला हल्ली नेमका किती वेळ लागायला हवा?
– एक दुकानदार, बारामती

उत्तर : चेकचा कागद आता गावोगावी फिरत नाही. आपली बँक त्याचे स्कॅनिंग करते आणि पुढे फक्त त्याची चित्रे व चुंबकीय शाईतल्या पट्टीवरची माहिती जाते. २००८ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही पद्धत २०११ मध्ये चेन्नईत आणि २०१३ मध्ये मुंबईत आली. तरीही २०२५ पर्यंत चेक ठरावीक वेळी गठ्ठ्याने पुढे जात, त्यामुळे एक-दोन दिवस लागतच. ४ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र दिवसाच्या ठरवून दिलेल्या वेळेत चित्रे सतत पुढे पाठवली जातात, आणि चेक ज्या बँकेचा आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. तिने काहीच कळवले नाही, तर होकार गृहीत धरला जातो. म्हणून कामकाजाच्या दिवशी सकाळी काउंटरवर दिलेल्या चेकचे पैसे साधारणपणे त्याच दिवशी मिळायला हवेत. शाखा चेक किती वाजेपर्यंत घेते, हे विचारून ठेवावे, कारण पेटी दिवसातून ठरावीक वेळीच उघडली जाते.

बँका चित्र पाहून निर्णय घेतात, त्यामुळे चित्र स्वच्छ येणे महत्त्वाचे झाले आहे. फिकट शाई, तारखेवर किंवा सहीवर उमटलेला दुकानाचा शिक्का, खालच्या पट्टीजवळ मारलेली स्टेपलरची पिन या कारणांनी चांगला चेकही अडकतो. खाडाखोड तर बिलकुल चालत नाही: तारखेची दुरुस्ती वगळता नाव किंवा रक्कम बदललेली असेल, तर शेजारी सही असूनही चेक परत येतो. असा चेक घेतानाच नाकारावा आणि नवीन मागावा.

प्रश्न : जागेच्या व्यवहारातला सात लाखांचा चेक मी भरला, देणाऱ्याच्या खात्यात पैसेही होते, तरी तो परत आला. ‘पॉझिटिव्ह पे’ केले नव्हते, असे कारण मिळाले. यात माझी काय चूक?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपली चूक काहीच नाही, पण त्रास आपल्यालाच झाला आहे. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये व त्याहून मोठ्या चेकसाठी ही सोय आहे. चेक देणाऱ्याने चेकचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम आपल्या बँकेला आधीच कळवायची असते, म्हणजे चेक समोर आल्यावर बँक ते तपशील पडताळून पाहते. पाच लाख व त्यावरील चेकसाठी हे सक्तीचे करण्याची मुभा बँकांना आहे आणि अनेक बँकांनी तसे केले आहे. मोठा चेक हाती घेताना ‘बँकेत कळवले आहे ना?’ हे देणाऱ्याला विचारावे आणि त्याला आलेला पुष्टीचा संदेश पाहून मगच चेक भरावा. आपल्या बाबतीत देणाऱ्याने आता नोंद केली, तर मुदत शिल्लक असेपर्यंत तोच चेक पुन्हा भरता येईल.

प्रश्न : चेक माझ्या माहेरच्या नावाचा आहे, खाते सासरच्या नावाने आहे. बँक घेत नाही.
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : यात बँकेचा आडमुठेपणा नाही. भलत्याच्या खात्यात चेक जमा केला, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे चेकविषयीच्या कायद्याचे, संरक्षण बँकेला तेव्हाच मिळते, जेव्हा तिने सद्भावनेने आणि हलगर्जीपणा न करता काम केलेले असते. ‘अकाउंट पेयी’ असे रेखांकन असलेला चेक तर नाव असलेल्या व्यक्तीखेरीज दुसऱ्याच्या खात्यात जमा करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे दाखवणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र दिल्यास शाखाधिकारी चेक स्वीकारू शकतात. अशी कागदपत्रे हाताशी नसतील, तर चेक बदलून घेणे सोपे.

याच संदर्भात, फक्त पतसंस्थेत खाते असलेल्या सभासदांसाठी एक सवलत सांगायला हवी. पतसंस्थेचे ज्या बँकेत खाते आहे ती बँक, संस्थेच्या लेखी विनंतीवरून, सभासदाच्या नावाचा ५०,००० रुपयांपर्यंतचा ‘अकाउंट पेयी’ चेक संस्थेच्या खात्यात जमा करून घेऊ शकते.

प्रश्न : वडील जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या नावाने कंपनीच्या लाभांशाचा चेक आला आहे. त्यांच्या जुन्या खात्यात भरून टाकला तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तसे करू नये, आणि स्लिपवर किंवा चेकमागे वडिलांची सही तर कोणीही करू नये, हेतू चांगला असला तरी ती खोटी सहीच ठरते. बँकेला मृत्यूची माहिती द्यावी. खात्यातल्या रकमेवर दावा करताना वारसांनी किंवा नामनिर्देशित व्यक्तीने संमती दिल्यास अशा रकमा स्वीकारण्यासाठी मृताच्या मालमत्तेच्या नावाने खाते उघडता येते, ज्यातून दावा मिटेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. नाही तर ‘खातेदार मृत’ असा शेरा मारून बँक रक्कम पाठवणाऱ्याकडे परत करते आणि वारसांना तसे कळवते.

याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीच्या शेअर निबंधकाला, म्हणजे शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, मृत्यूचा दाखला पाठवून शेअर वारसांच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावावर करून घ्यावेत आणि हा चेक सोबत परत पाठवावा. आपल्या दुःखाच्या काळात ही कामे जड वाटतील, पण ती टाळत राहिल्यास सात वर्षे न उचललेला लाभांश केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातो आणि तेथून तो परत मिळवणे बरेच किचकट आहे.

प्रश्न : मराठीत लिहिलेला चेक आमच्या शाखेतल्या तरुण कर्मचाऱ्याने परत दिला. तो अवैध असतो का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. चेक इंग्रजी, हिंदी किंवा त्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो, शक संवतातली तारीखही ग्राह्य आहे. नकाराचे कारण लेखी मागावे.

प्रश्न : उसने दिलेल्या पैशांपोटी मिळालेला चेक दोनदा वटला नाही. कोर्टात जाण्यासाठी किती मुदत असते?
– एक वाचक, लातूर

उत्तर : चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांपर्यंत तो कितीही वेळा भरता येतो, २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. चेक परत येताना बँक कारण नमूद केलेला मेमो देते. तो आपल्याला मिळाला त्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत, रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस पोचपावतीसह टपालाने गेली पाहिजे. नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतरही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद दाखल करावी लागते. ती आपले खाते ज्या शाखेत आहे, तेथील न्यायालयात करता येते, त्यामुळे देणाऱ्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. दोनदा चेक परत आला असल्याने शेवटच्या मेमोवरून मुदत मोजता येईल. तो आपल्या हाती कोणत्या दिवशी आला, हे बँकेकडून त्यावरच तारीख घालून घ्यावे आणि मूळ चेक, मेमो व भरलेल्या स्लिपा घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटावे.