लिंकनच्या एका सहीने अमेरिकेतले सगळे गुलाम मुक्त झाले का?

नाही. शाळेत आपण तसं शिकतो खरं, पण अमेरिकेतल्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने सही केलेला १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त देशातून फुटलेल्या बंडखोर दक्षिणी भागांपुरता होता. केंटकी, डेलावेअर ही गुलामी चालू असलेली राज्यं लिंकनच्या बाजूने राहिली होती, तिथे तो लागूच नव्हता. टेक्ससमधल्या गुलामांना तर बातमी अधिकृतपणे कळली १९ जून १८६५ ला, म्हणजे अडीच वर्षांनी! देशभर कायद्याने गुलामी संपली ती त्या डिसेंबरात, १३व्या घटनादुरुस्तीने.

आणि कृष्णवर्णीय हातावर हात ठेवून बसले नव्हते. रॉबर्ट स्मॉल्सचंच बघा. दक्षिणेतल्या चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' नावाच्या बंडखोरांच्या जहाजावर हा गुलाम सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, वाटेत बायकापोरांना उचललं आणि बंडखोरांच्या फोर्ट सम्टर किल्ल्याच्या तोफांसमोरून ठरलेली शिट्टी वाजवत जहाज सरळ बाहेर काढलं. मारा टप्प्याबाहेर गेल्यावर बंडखोरांचा झेंडा उतरवून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या नौदलासाठी शरणागतीची खूण म्हणून पांढरी चादर फडकवली. वय अवघं २३.

पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. लिंकनचं श्रेय कमी होत नाही, पण सही करायची वेळ त्याच्यावर आली ती अशा लोकांमुळेही.

स्मॉल्स नंतर अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. आणि हो, ब्यूफर्टमधलं आपल्या जुन्या मालकाचं घरही त्याने विकत घेतलं.