राजकीय अस्थिरतेमुळे क्रूझचे मार्ग किती बदलतात? ऐनवेळी बंदर गाळणं ही प्रवाशांची फसवणूक नाही का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी आई-वडिलांना भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर न्यायचं आहे, पण बातम्या बघून बुकिंगला हात धजत नाही. तिथपर्यंत वाचून मी पुढे गेलो असतो. तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी थांबलो: "पैसे सगळ्या बंदरांचे घ्यायचे आणि ऐनवेळी एक गाळायचं, ही फसवणूक नाही का?" हे वाक्य गेली काही वर्षं मी आमच्या साडूभाऊंकडून प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात ऐकत आलोय. म्हणून आधीच सांगतो. फसवणूक नाही.

मी भुसावळचा. रेल्वेत छत्तीस वर्षं इंजिनावर काढली. सुरुवातीला पाचोरा-जामनेरच्या नॅरोगेजवर, म्हणजे आमच्या पी.जे.वर फायरमन होतो आणि शेवटी मेल-एक्स्प्रेसवरून रिटायर झालो. रिटायरमेंटच्या पैशातून मी, आमच्या घरच्या, मेहुणी आणि साडूभाऊ असे चौघं ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूझला गेलो. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून ५ तारखेला निघायचं, मग ऱ्होड्स, सायप्रसचं लिमासोल, तिथून इस्रायलचं हैफा आणि परत. बाकी लोक जेरुसलेमसाठी येत होते. मला हैफाच बघायचं होतं. तिथल्या जुन्या पूर्व स्टेशनात रेल्वेचं संग्रहालय आहे. तुर्कांच्या काळातल्या हेजाझ रेल्वेचा हैफाला येणारा फाटा १९०५ मध्ये सुरू झाला, गेज १०५० मिलिमीटर. आमची पी.जे. ७६२ ची. लॉकडाऊनमध्ये ती बंद पडली, मग ब्रॉडगेजच्या नावाने रूळच उचलायला घेतले. ज्या लाइनीवर मी पहिला बेलचा हातात घेतला ती लाइन गेली, निदान तिच्या भाऊबंदांपैकी एखादं इंजिन तरी डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती. शिवाय २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हैफा जिंकलं होतं, त्या शिपायांना तिथे हात जोडायचे होते. हे मुद्दाम सांगतोय. हैफा चुकल्याचं दुःख साडूभाऊंपेक्षा मला जास्त झालं, कमी नाही.

७ तारखेला शनिवार होता. आम्ही लिमासोलला उतरून किल्ला बघत होतो आणि ग्रुपमधल्या एका मुलाच्या मोबाइलवर हमासने इस्रायलवर हल्ला केल्याची बातमी आली. संध्याकाळी जहाजावर परतलो तर जेवणाच्या हॉलमध्ये कोणाचंच ताटात लक्ष नाही. मग स्पीकरवर कप्तानाचा आवाज आला. चार-पाच वाक्यं, अगदी सावकाश. हैफाला जाणार नाही, आजची रात्र लिमासोललाच, उद्या क्रीटकडे निघू. कारण एका ओळीत. माफी एकदाच. मला तो आवाज ओळखीचा वाटला. कंट्रोलशी, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाशी, बोलून आल्यावर आम्ही गार्डाला याच सुरात सांगायचो.

पुढच्या दहा मिनिटांत रिसेप्शनसमोर दीड-दोनशे माणसं जमली. आमचे साडूभाऊ सगळ्यात पुढे. धुळ्याला त्यांचं सिमेंट-सळईचं मोठं दुकान आहे, माणूस सरळ व्यवहाराचा. माल मिळाला नाही तर पैसे परत, ही त्यांची रीत. काउंटरवरची मुलगी विशीतली, फिलिपिन्सची. तिच्यासमोर ते टेबलावर हात आपटत होते. मी त्यांचा हात धरून बाजूला घेतलं तर चारचौघांत म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही राहू द्या. तुम्हाला आयुष्यभर लाल दिवा दिसला की थांबायची सवय. आम्ही पैसे मोजलेत."

ते वाक्य अजून मला लागतं. थांबायची सवय! नव्वदच्या दशकात एका आंदोलनात माझी गाडी म्हसावदला अडीच तास उभी होती. रणरणतं ऊन, डब्यात पाणी संपलेलं. लोक इंजिनापाशी आले, एकाने माझी कॉलर धरली. पुढे मोकळी लाइन दिसतेय, सोड की गाडी. सिग्नल नव्हता, मी सोडली नाही. नंतर कळलं की पुढच्या वळणापलीकडे रुळावर लाकडी स्लीपर आडवे टाकलेले होते. ज्याने कॉलर धरली त्याची बायको आणि दोन लेकरं तिसऱ्या डब्यात होती. त्याला पुढचं वळण दिसत नव्हतं, मलाही दिसत नव्हतं, पण मला विचारायला कंट्रोल होता. कप्तानाचंही तसंच असतं. त्याच्याकडे बंदराचा, सरकारचा, कंपनीच्या सुरक्षा विभागाचा निरोप येतो आणि वर त्याचा स्वतःचा अधिकार असतो. टायटॅनिक बुडाल्यावर जो सोलास नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या आजच्या नियमांत स्पष्ट आहे की सुरक्षेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयाच्या आड जहाजाच्या मालकालाही येता येत नाही. प्रवासी तर लांबच.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज निघालं तेव्हा केबिनमधल्या टीव्हीवर नकाशाचा चॅनल लावून बसलो. आदल्या दिवशीपर्यंत तुटक रेघ लिमासोलहून खाली उजवीकडे हैफाकडे जात होती. आता ती डावीकडे वळलेली, पश्चिमेला. जहाजाचा ठिपका त्या रेघेवर इतका सावकाश सरकतो की बघता बघता डोळे दुखतात. आमच्या घरच्यांनी डब्यातले बिबडे काढले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "अहो, तिकडे माणसं मरतायत. आपलं एक स्टेशन चुकलं." त्यानंतर मी हैफाचं नाव काढलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. मार्ग किती बदलतात? बरेच, आणि एकदा बदलले की वर्षानुवर्षं तसेच राहतात. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि बाल्टिकच्या क्रूझमधून सेंट पीटर्सबर्ग गळालं. त्या सहलींचं मुख्य आकर्षणच ते होतं. त्याच्या जागी टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोममधला मुक्काम वाढवला. २०१५ च्या मार्चमध्ये ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात गोळीबार झाला, त्यात क्रूझवरून उतरलेले प्रवासीच बळी पडले. मोठ्या कंपन्यांनी ट्युनिस ताबडतोब सोडलं आणि पुढची कित्येक वर्षं तिकडे जहाज वळवलं नाही. नुसत्या बंदुकीनेच होतं असंही नाही. जून २०१९ मध्ये अमेरिकेने आपल्या क्रूझना क्युबाबंदी केली, आज जाहीर आणि उद्यापासून लागू. समुद्रात असलेल्या जहाजांना वाटेतच दुसरं बंदर गाठावं लागलं. आमच्या सहलीनंतर दीड महिन्यात येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलेक्सी लीडर नावाचं मालवाहू जहाज पकडून नेलं. त्यानंतर तिथे हल्ले इतके वाढले की २०२४ मध्ये आखातातून युरोपला परतणाऱ्या काही क्रूझनी तिकिटं रद्द केली आणि प्रवाशांविना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. सुवेझमधून जायचं म्हणून ज्यांनी वर्षभर आधी बुकिंग केलं होतं त्यांना सुवेझ दिसलाच नाही.

यामागे विमाही असतो. लंडनच्या विमा बाजारातली एक समिती धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. तिथे शिरायचं तर जहाजाला युद्धाचा वेगळा, महागडा विमा लागतो. त्यामुळे कप्तान घाबरला की नाही घाबरला, हा वादच फोल आहे.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कोणीच बोलत नाही. जहाजाला सुकाणू असतं, ते दुसऱ्या बंदरात जातं आणि कंपनी तरून जाते. गावाला कुठे जाता येतं? २६/११ नंतरच्या हिवाळ्यात मी एका पाहुण्याला अजिंठ्याला घेऊन गेलो होतो. फर्दापूरच्या फाट्यावर स्फटिकाचे दगड विकणारे एक चाचा माझ्या ओळखीचे. एरवी परदेशी बस आली की त्यांना बोलायला सवड नसायची. त्या दिवशी त्यांनी टोपलीतला एकेक दगड फडक्याने पुसून परत टोपलीत ठेवला, तासभर तेच चाललं होतं. गोळीबार मुंबईत झाला, चारशे किलोमीटरवर. फर्दापूरला फटाकाही वाजला नव्हता. तरी ज्याने लंडनमध्ये बसून तिकीट रद्द केलं त्याला नकाशावर सगळं एकच. हैफाच्या बंदराबाहेर टॅक्सी घेऊन उभा असणारा माणूस, मग तो ज्यू असो की अरब, त्या दिवशी असाच बसला असेल. आमचे साडूभाऊ ज्या नुकसानाचं बोलतात त्यात या माणसांचा हिशोब कधीच नसतो.

पैशांचं म्हणाल तर बुकिंगच्या अटींत साफ लिहिलेलं असतं की कंपनी मार्ग बदलू शकते, बंदर गाळू शकते आणि त्याबद्दल भरपाई लागत नाही. गाळलेल्या बंदराचे पोर्ट चार्जेस परत मिळतात, जहाजाकडूनच घेतलेल्या किनाऱ्यावरच्या सहलीचे पैसे मिळतात. बाहेरून इंटरनेटवर ठरवलेली टॅक्सी किंवा गाइड असेल तर ते तुमचं तुम्ही बघायचं. साडूभाऊंचे १८० डॉलर असेच गेले. स्वस्त पडतं म्हणून परस्पर गाइड ठरवला होता. मी नको म्हणालो होतो, आमच्या घरच्या साक्षीला आहेत. प्रवास विम्याचं ऐकाल तर नेहमीच्या पॉलिसीत युद्ध वगळलेलं असतं, आणि बातमी आल्यावर काढलेल्या पॉलिसीत ती घटना "आधीच माहीत असलेली" धरतात. विमा तरीही काढाच, आई-वडिलांच्या आजारपणासाठी. बंदरासाठी काढू नका.

व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या. आम्ही ग्रीसमधून सायप्रसला गेलो आणि परत ग्रीसच्या क्रीटला आलो. एकदाच शिरायचा व्हिसा असता तर पंचाईत झाली असती. इस्रायलचा व्हिसा वेगळा काढला होता, त्याची फी बुडाली. परतीचं विमान क्रूझ संपते त्याच दिवशीचं घेऊ नका.

बुक करावं का? करा. पूर्वेकडच्या मार्गाऐवजी स्पेन, फ्रान्स, इटलीचा पश्चिमेकडचा मार्ग घ्या, आई-वडिलांच्या जिवाला घोर राहणार नाही. पण तुमच्या मनात एकच बंदर असेल, वडिलांनी आयुष्यभर एकाच गावाचं नाव घेतलं असेल, तर क्रूझ नको. विमानाने जा, तिथे चार दिवस राहा. क्रूझवर तुम्ही जहाज विकत घेता आणि बंदरं वरकड येतात. मला हे हैफाने शिकवलं.

आता साडूभाऊंची बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझं लिहिणं एकतर्फी होईल. बंदर गाळणं योग्य होतं, पण नंतर आमच्या टूर एजंटने जे केलं ते अजिबात योग्य नव्हतं. जहाजाच्या रिसेप्शनने छापील कागद दिला होता की गाळलेल्या बंदराचे पोर्ट चार्जेस बुकिंग करणाऱ्या एजंटाकडे परत जातील. एजंटने पाच महिने तोंडातून शब्द काढला नाही. मी तीन पत्रं लिहिली, त्या कागदाची झेरॉक्स जोडली, तेव्हा कुठे माणशी ४० युरोच्या हिशोबाने रुपये खात्यात आले. तुम्हीही असा कागद जहाजावरून उतरण्याआधी मागून घ्या. घरी आल्यावर कोणी देत नाही.

साडूभाऊंनी मात्र त्याआधीच वकिलाकडून नोटीस लिहून आणली होती. भुसावळला आमच्या ओट्यावर बसून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली, चौघांच्या सह्या हव्या होत्या. पोर्ट चार्जेसचं कलम बरोबर होतं, एजंटने माहिती लपवल्याचं कलम बरोबर होतं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, "कोणतेही सबळ कारण नसताना जहाज हैफा बंदरात नेले नाही." मी म्हणालो, शेठ, एवढं वाक्य काढा, मी सही करतो. म्हणाले, त्या वाक्याशिवाय नोटिशीत दमच राहत नाही. मी पेनाने ती ओळ खोडली आणि कागद परत दिला. शेवभाजी झालेली होती, पानं घेतली होती. ते जेवायला न थांबता निघाले. मेहुणी दारात मागे वळून बघत होती.

नोटीस पुढे गेलीच नाही. तिची खोडलेली प्रत माझ्याकडे आहे. बाकीच्या मजकुरावर मी आजही सही करायला तयार आहे, ती एक ओळ सोडून.