टेराहर्ट्झ पल्सने चमक वाढते की विझते?

प्रश्न : सर, टेराहर्ट्झच्या (सेकंदाला लाख कोटी हेलकावे घेणाऱ्या लहरींच्या) फोटॉनमध्ये म्हणजे प्रकाशकणात ऊर्जा अगदीच किरकोळ असते ना, मग त्याच्या पल्सने, म्हणजे क्षणभराच्या झोताने, सेमीकंडक्टर चमकतो कसा? आणि दुसरीकडे वाचलं की उलट प्रकाश कमी होतो. नक्की काय?

उत्तर : दोन्ही होतं! मीही आधी इथेच अडकलो होतो.

आधी कमी होण्याचं बघू. क्वांटम वेल म्हणजे गॅलियम आर्सेनाइडचा साधारण १० नॅनोमीटरचा थर, त्यावर लेझर मारला की इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा म्हणजे होल, हे एकमेकांना धरून राहतात, ह्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात, आणि दोघं एकत्र आले की जोडी संपते न प्रकाश बाहेर पडतो. जोडी तोडायला साधारण १० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं माप, इलेक्ट्रॉन व्होल्टचा हजारावा भाग) पुरतात, १ टेराहर्ट्झचा फोटॉन ४ चा, म्हणजे माप जुळण्यासारखं आहे. फ्रिक्वेन्सी नीट जुळवली की जोडी १एस ह्या सगळ्यात खालच्या ऊर्जेच्या पायरीवरून २पी ह्या वरच्या पायरीवर चढते आणि तिथून थेट प्रकाश सोडायची सोयच नाही, म्हणून चमक तेवढ्यापुरती मंदावते. गंमत म्हणजे आपसातल्या ढकलाढकलीत काही जोड्या २पी वरून शेजारच्या २एस वर सरकतात, आणि तिथला प्रकाश मात्र वाढतो.

आता चमकण्याचं. बॅंड गॅप, म्हणजे बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी ऊर्जा, दीड इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, म्हणजे फोटॉन मोजत बसलात तर साडेतीनशेच्या वर एकदम लागतील, असा हिशोब करूनच आपण फसतो. पल्स इतकी तगडी असली की फोटॉन विसरा, सरळ विद्युत क्षेत्र बघा. २०११ मध्ये क्योटो विद्यापीठातल्या गटाने सेंटीमीटरला १० लाख व्होल्टची पल्स वापरली, म्हणजे वाटेत कुठे धडक झाली नाही तर १० नॅनोमीटर धावेपर्यंत इलेक्ट्रॉनकडे १ इलेक्ट्रॉन व्होल्ट जमा! पुरेसा वेग आला की तो दुसऱ्या इलेक्ट्रॉनला धडकून मोकळा करतो, मग ते दोघं पळतात, दोनाचे चार... दहा वेळा दुप्पट झालं की हजारपट, आणि त्यांना खरंच साधारण हजारपट वाढ दिसली, तीही जेमतेम पिकोसेकंदभराच्या (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) पल्समध्ये. पुढे हेच इलेक्ट्रॉन आणि होल निवांत जुळतात न प्रकाश सोडतात, लेझर न मारताही.

फक्त ही चमक जवळच्या इन्फ्रारेडमधली, त्यामुळे डोळ्याने बघायला जाल तर काही दिसायचं नाही, डिटेक्टरच लागतो.