खिशात शंभर, बघायचंय नाटक

पावसाळा सरला की खान्देशात नाटकांचे फलक लागायला लागतात आणि आमच्या टपालात तिकिटांचे प्रश्न वाढतात. यंदा पत्रं बहुतेक विद्यार्थ्यांची आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

जळगावला मुंबईचं नाटक आलं की पुढच्या रांगांचं तिकीट पाचशे-सातशे. पुण्यातला मित्र तेच नाटक बाल्कनीतून तीनशेत बघतो. विद्यार्थी सवलत विचारली तर ‘तसं काही नसतं’ असं सांगतात. असं का?
— वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, जळगाव

पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा निर्माता स्वतः प्रयोग लावतो. तारीख त्याची, तिकीटखिडकीही त्याची. आपल्याकडे प्रयोग सहसा ठेक्यावर येतो. स्थानिक आयोजक निर्मात्याला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग विकत घेतो. कलाकारांची बस, सेटचा टेम्पो, मुक्काम, जेवण, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात हे सगळं त्याच्याच अंगावर पडतं. पुण्यात एकाच नाटकाचे महिन्याला चार-पाच प्रयोग लागले तर खर्च त्यात विभागला जातो. इथे सगळा एका रात्रीत वसूल करायचा असतो. त्यामुळे दर चढतो आणि छापील सवलत कुठेच दिसत नाही.

पण याच पद्धतीत तुमची सोयही आहे. दर ठरवणारा माणूस गावातच असतो. फलकाच्या तळाशी ‘तिकीट विक्री’ म्हणून दिलेला नंबर बहुधा आयोजकाचा किंवा त्याच्या माणसाचा असतो. एकट्याने फोन करून सवलत मागाल तर मिळणार नाही. पंधरा-वीस जणांची यादी तयार करा, पैसे आधी गोळा करा आणि प्रयोगाच्या दोन-तीन दिवस आधी समक्ष जाऊन भेटा. त्या सुमारास मागच्या रांगा किती उठल्या ते त्याला कळलेलं असतं. वीस खुर्च्या रोखीने जात असतील तर चारशेचं तिकीट अडीचशेला द्यायला तो सहसा तयार होतो, कारण रिकाम्या खुर्चीचं काहीच येत नाही. आठवडाभर आधी गेलात तर पूर्ण दरात खपतील या आशेवर तो थांबतो. प्रयोगाच्या संध्याकाळी वीस जण दारात जाऊन उभे राहिलात तर एकत्र जागा मिळत नाहीत आणि गर्दीत बोलायला कुणाला सवडही नसते.

पुढच्या दोन-तीन रांगा बऱ्याचदा प्रायोजकांच्या नावे राखलेल्या असतात आणि त्यातल्या पाच-दहा खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतात. ‘मध्यंतरानंतर पुढे सरकू’ हा बेत बहुतेकांचा असतो. दारावरच्या माणसाला विचारूनच सरका. मध्यंतरात प्रायोजक सहकुटुंब उगवले तर अंधारात उठायची पाळी येते.

करांबद्दलही एकाने विचारलं आहे. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावर गेलं की लागतो. वरचा दर अनेक ठिकाणी नेमका पाचशेवर थांबतो, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यामुळे पाचशेच्या आतल्या तिकिटावर कुणी जीएसटी मागितला तर तो देऊ नका. ॲपवरून घेताना मात्र सुविधा शुल्क लागतं आणि त्या शुल्कावर जीएसटी असतो. रक्कम पैसे भरण्याआधीच्या पानावर दिसते. खिडकी चालत जाण्याइतकी जवळ असेल तर तेवढे पैसे वाचतात.

नाटक देखनं शे, पन खिसामा पैसा नहीत. शंभर रुपयांच्या आत काही जमेल का?
— प्रथम वर्षाचा विद्यार्थी, धुळे

शंभरात एक सोडून चार नाटकं होतील, फक्त व्यावसायिक नाटकाचा नाद थोडा बाजूला ठेवावा लागेल.

राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा दरवर्षी होते. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात निरनिराळ्या केंद्रांवर असते आणि जळगावलाही केंद्र असतं. रोज संध्याकाळी एक पूर्ण लांबीचं नाटक होतं. तिकीट दहा-वीस रुपयांच्या घरात, म्हणजे कटिंग चहाच्या भावात. ते ॲपवर शोधू नका. नाट्यगृहाच्या दारात टेबल टाकून, पडदा उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी विकतात. वेळापत्रक स्थानिक वर्तमानपत्रांत आणि नाट्यगृहाच्या फलकावर लागतं. त्याचा फोटो काढून ठेवा आणि जायच्या दिवशी एकदा फोन करून खात्री करा. एखादा संघ आयत्या वेळी माघार घेतो, मग तारखा सरकतात.

दर्जा वरखाली असतो, हे आधीच सांगतो. एखादं नाटक पहिल्या अंकातच झोप आणतं, तर दुसऱ्या दिवशीचं चार दिवस डोक्यातून जात नाही. आमचा सल्ला असा : सगळी बघायचा हट्ट नको, पण तीन तरी बघा. जिल्ह्यातल्या संघांची आणि विशेषतः नव्या संहितांची नाटकं चुकवू नका, कारण ती पुढे दुसरीकडे बघायला मिळतीलच असं नाही. पहिला आलेला संघ अंतिम फेरीत जातो, पण ती फेरी दुसऱ्या शहरात असते. तेव्हा बघायचं ते इथेच बघून घ्या.

स्वस्ताईत पुढचा नंबर एकांकिका स्पर्धांचा. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडकाची (सुरुवात 1963) फेरी जळगाव केंद्रावरही होत आली आहे. एका सत्रात लागोपाठ दोन-तीन एकांकिका, प्रत्येक तासाभराच्या आत. मित्रांचा संघ उतरणार असेल तर तिकिटाची आधी सोय करा. आपापल्या कॉलेजच्या टोळ्या येतात आणि सभागृह भरतं. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात मूकनाट्य, प्रहसन असे प्रकार तिकिटाशिवाय बघता येतात, पण तिथे कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात असू द्या.

बाल्कनी घ्यावी की खालच्या मजल्यावरची शेवटची रांग? दोन्हींचा दर सारखाच होता.
— एक विद्यार्थिनी, भुसावळ

बाल्कनीची पहिली रांग, तीही मधली. खालच्या शेवटच्या रांगांवर बाल्कनीचं छत येतं, त्यामुळे आवाज दबका पोचतो. पुढची डोकी आडवी येतात ते वेगळंच. मात्र काही बाल्कन्यांत पहिल्या रांगेसमोरचा कठडा नेमका रंगमंचाच्या पुढच्या कडेवर येतो. नट पुढे येऊन खाली बसला की दिसेनासा होतो. खिडकीवर ‘कठडा आड येतो का?’ एवढं विचारा, नकाशावर बोट ठेवून सांगतात. येत असेल तर दुसरी-तिसरी रांग घ्या. कडेच्या खुर्च्या टाळा. तिथून सेटची एक बाजू आणि विंगेत उभे असलेले लोक दिसतात.

मी नंदुरबारची, सध्या पुण्यात शिकते. वसतिगृहाचा खर्च भागवून महिन्याला एखादं नाटक बघायचं आहे.
— एक विद्यार्थिनी, पुणे

वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातीत प्रयोगाबरोबर ‘प्लॅन’ (म्हणजे तिकीटविक्री) कधी उघडतो तेही दिलेलं असतं. बहुतेकदा दोन-चार दिवस आधी. स्वस्त बाल्कनी आधी संपते, म्हणून प्लॅन उघडण्याच्या दिवशीच सकाळी खिडकीवर जा. खिडकी दुपारी बंद असते, भर उन्हात हेलपाटा पडतो. ‘हाउसफुल्ल’चा फलक दिसला म्हणून लगेच परत फिरू नका. प्रयोगाच्या तासभर आधी परत आलेली तिकिटं आणि सुटलेले राखीव नंबर खिडकीवर येतात. दोघी-तिघींना शेजारच्या खुर्च्या मिळणं अवघड, एकटीला एखादी सुटी खुर्ची मिळून जाते. मैत्रिणीशी भांडण न होता हे जमत असेल तर वेगवेगळ्या रांगांत बसा.

प्रायोगिक नाटकांसाठी सुदर्शन रंगमंच आणि ज्योत्स्ना भोळे सभागृह यांच्यावर लक्ष ठेवा. जागा लहान आणि तिकीट बालगंधर्व रंगमंदिरातल्या पुढच्या रांगांपेक्षा बरंच कमी. अशा ठिकाणी खुर्चीला नंबर नसण्याची शक्यता असते, म्हणजे जो आधी येईल त्याला पुढे जागा. अर्धा तास आधी पोचा. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद झालं की पैसे भरलेले असूनही बाहेर राहावं लागतं, आणि त्याला कुणी दाद देत नाही.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एखादं नाटकच बोलावता येईल का? सभागृह आहे, मुलं दीडशे जमतील.
— सांस्कृतिक मंडळाचा विद्यार्थी प्रतिनिधी, चोपडा

दीडशे मुलं हाताशी असतील तर हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. मोठं व्यावसायिक नाटक डोक्यातून काढा. चार-पाच नटांचं, कमी सेटचं नाटक निवडा, आणि ते जळगाव-धुळ्याच्या एखाद्या संघाचं असेल तर फारच बरं. दीडशे जणांनी शंभर-शंभर काढले तर पंधरा हजार होतात. पुण्याहून संघ आणला तर त्यातले बरेचसे गाडीतच जातात. जवळचा संघ त्याच दिवशी परत जातो, मुक्काम वाचतो आणि मानधनाला पैसे उरतात. स्पर्धा नुकतीच होऊन गेलेली असेल तर संघाचं नाटक बसलेलं असतं आणि त्यांनाही आणखी प्रयोग हवे असतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी धरा.

बोलणी करताना चार गोष्टी कागदावर घ्या : एकूण रक्कम किती, त्यात प्रवास-जेवण धरलं आहे का, लेखकाचं मानधन कोण देणार आणि प्रकाश-ध्वनी कोण आणणार. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. स्पर्धेत खेळलेल्या नाटकाकडे ते असतंच, त्याची प्रत प्राचार्यांच्या अर्जाला जोडा.

आता विजेचं. कॉलेजच्या सभागृहात घोळ होतो तो इथेच. जुन्या पद्धतीचा एक पार दिवा (रंगमंचावर झोत टाकणारा) साधारण 1000 वॅटचा असतो, म्हणजे 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर. सोळा अँपिअरच्या एका लाइनवर असे तीनच चालतात. चौथा लावला की भार सोळाच्या वर जातो आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) पडू शकतो, तोही नेमका सगळे दिवे एकदम लागतात त्या प्रसंगात. म्हणून दिवे दोन-तीन वेगळ्या लाइनींवर वाटा, पंखे आणि ध्वनियंत्रणा त्यात घेऊ नका, आणि कॉलेजच्या वायरमनला तालमीच्या वेळीच हजर ठेवा. एलईडी पार मिळाले तर ही कटकट उरत नाही, प्रत्येकी शे-दीडशे वॅटमध्ये भागतं. सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड लावायचं विसरू नका, नाहीतर दुपारच्या प्रयोगात प्रकाशयोजनेचे पैसे वाया.

पैसे आधी गोळा करा आणि नंबर घातलेली पावती द्या. ‘प्रयोगाच्या दिवशी देतो’ म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण उगवत नाहीत.

रात्री साडेनऊचा प्रयोग संपल्यावर गावी परत कसं जायचं? बसच नसते.
— एक विद्यार्थिनी, पारोळा

साडेनऊचं दोन अंकी नाटक सुटायला बारा-साडेबारा होतात. जायचं तर रविवारचा दुपारचा किंवा संध्याकाळचा प्रयोग बघा, आणि तिकीट काढायच्या आधी परतीची शेवटची गाडी डेपोत विचारा. जुन्या वेळापत्रकाच्या फोटोवर विसंबू नका. एसटीत महिलांना अर्ध तिकीट आहे, हे हिशेबात धरा. चार जणींनी मिळून केलेली रिक्षा किंवा जीप नाटकाच्या तिकिटाहून महाग पडते, मग बाल्कनीत वाचवलेले पैसे कुठे गेले ते कळत नाही. धुळ्याच्या मुलांनी नाशिकचं कालिदास कलामंदिर धरायला हरकत नाही, अंतर साधारण 160 किलोमीटर. पण फक्त नाटकासाठी नको, दुसऱ्या कामाला जोडून.

व्हॉट्सॲपवर ‘येणं जमत नाही, तिकीट निम्म्यात देतो’ असा निरोप फिरत होता. पैसे पाठवले, दारावर कळलं की त्या तिकिटावर दुसराच आत गेला आहे.
— एक वाचक, अमळनेर

मोबाइलवरच्या तिकिटाचा क्यूआर कोड एकदाच चालतो. एकाच कोडचा फोटो पाच जणांना विकता येतो, आत मात्र आधी पोचलेलाच जातो. अनोळखी माणसाकडून घ्यायचंच असेल तर तो दारात भेटू दे, कोड तुमच्यासमोर स्कॅन होऊ दे, मग पैसे द्या. छापील तिकीट असेल तर तारीख, वेळ आणि खुर्चीचा नंबर तिन्ही वाचा. तारीख पुढे ढकललेल्या प्रयोगांची जुनी तिकिटंही फिरत असतात.

प्रयोगच रद्द झाला तर ॲपवरचे पैसे खात्यावर परत येतात. खिडकीवरचे रोख पैसे तिकीट दाखवल्याशिवाय मिळत नाहीत, आणि त्यासाठी दिलेली मुदतही दोन-चार दिवसांचीच असते. दारावर फाडून उरलेलं अर्धुकसुद्धा नाटक संपेपर्यंत खिशात असू द्या. वीज जाऊन प्रयोग मधेच थांबला तर तेच दाखवावं लागतं.

मुलगी लंडनला शिकायला निघाली आहे. तिथली नाटकं परवडतील का?
— एक पालक, शहादा

विद्यार्थ्यांसाठी तिथे पद्धती ठरलेल्या आहेत. नॅशनल थिएटरमध्ये 16 ते 25 वयोगटासाठी साधारण दहा पौंडांची तिकिटं असतात, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. शेक्सपिअर्स ग्लोबच्या अंगणात उभं राहून नाटक बघायचे सुमारे सातशे प्रवेश असतात आणि ते पाच-दहा पौंडांपासून मिळतात. पाऊस आला तर डोक्यावर छप्पर नसतं आणि तिथे छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा रेनकोट बरोबर द्या. लेस्टर स्क्वेअरला टीकेटीएस नावाची खिडकी आहे, तिथे त्याच दिवसाची आणि पुढच्या एक-दोन दिवसांची उरलेली तिकिटं कमी दरात विकतात. त्या खिडकीच्या आसपास ‘सवलतीची तिकिटं’ अशा पाट्या लावलेली बाकीची दुकानं खासगी आहेत, त्यांचे दर कमी असतातच असं नाही. विद्यापीठाचं ओळखपत्र जवळ हवं, आणि त्याची मुदत संपलेली नसावी.