मित्रदेशाशी भांडावं, पण कशावरून?

प्रिय बेटा,

परवा धरमपेठेत तू विचारून राहिला होता, सर, अमेरिका आणि तुर्कस्तान एवढे भांडतात तर एका गटात राहतात काहून? गडबडीत उत्तर अर्धंच राहिलं म्हणून लिहितो. फॉरेन सर्व्हिसची तयारी करतोस, हे दोन ओळींत उरकू नकोस.

तुर्कस्तान १९५२ ला नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी गटात आला. १९६२ ला रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं ठेवल्यावरून संकट उभं राहिलं, तेव्हा अमेरिकेने तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढायचं रशियाला गुपचूप कबूल केलं, अन् ज्याच्या जमिनीवर ती उभी होती त्यालाच विचारलं नाही. मग १९६४ ला सायप्रस बेटावरून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सननी तुर्कस्तानचे पंतप्रधान इनोनूंना पत्र लिहिलं, की तुम्ही तिथं सैन्य उतरवलं आणि त्यातून रशिया अंगावर आला तर नाटो धावून येईलच असं धरू नका, आणि आम्ही दिलेली शस्त्रंही तिथं चालणार नाहीत. सैन्य थांबलं, पण १९६६ ला पत्र पेपरात छापून आलं आणि तुर्की लोक जाम भडकले. १९७४ ला सायप्रसमध्ये तुर्की सैन्य उतरलंच.

मला हे पत्र फार खटकतं बघ. सायप्रसवरून कितीही भांडा ना, पण संरक्षणाचा शब्दच पणाला लावला की समोरचा दुसरी सोय शोधायला लागतो.

दुसरी गोष्ट, तुर्कस्तानची संसद. १ मार्च २००३ ला इराक युद्धासाठी अमेरिकी सैन्याला वाट द्यायचा ठराव आला, सरकार तयार होतं, बाजूने २६४ आणि विरोधात २५० मतं पडली, तरी ठराव पडला! १९ जण तटस्थ होते ना, हजर सदस्यांचं बहुमत लागत होतं, तीन मतं कमी पडली. नुसत्या मंत्र्यांशी बोलून भागत नाही, तिथले आमदार-खासदार, पेपरवाले काय म्हणतात ते रोज वाचावं लागतं.

२०१९ ला तुर्कस्तानात एस-४०० या रशियन विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा आल्या, त्यावरून अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून काढलं, २०२० ला निर्बंधही लावले. युती तुटली का? नाही. जानेवारी २०२४ मध्ये तुर्की संसदेने स्वीडनला नाटोत घ्यायला मंजुरी दिली आणि तीनच दिवसांत अमेरिकी सरकारने एफ-१६ लढाऊ विमानांच्या विक्रीला हिरवा कंदील दाखवला. रोकडा व्यवहार आहे, पण मला यात वाईट काही दिसत नाही, कोणाला काय पाहिजे हे दोघांनाही माहीत होतं.

आता तू एस-४०० आपल्या बाजूने बघ. आपणही २०१८ ला त्या घ्यायचा करार केला, आपल्यावर त्यावरून निर्बंध आले नाहीत. काहून, ते एका पानात लिहून आण, रविवारी बसू.

तुझा,
सर